अर्ध्यावर अडकलेल्या पेशी: सोलापुरातलं एका रक्तकर्करोगाचं प्रकरण

रुग्ण २३ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेली. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात शिलाईकाम करणारी. माहेर आणि सासर दोन्ही विणकरांची. घरात तेलुगू, बाहेर मराठी. ओळख पटू नये म्हणून तिच्याविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत.

गड्ड्याची जत्रा आटोपल्यानंतरच्या दिवसांतली गोष्ट. जूनच्या शाळांसाठी कारखान्यात कामाचा रेटा सुरू झाला होता. तिच्या पायांवर निळे-जांभळे डाग दिसू लागले. मशीनच्या टेबलाची कड लागत असेल असं तिला वाटलं. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, त्याकडेही कुणी फारसं पाहिलं नाही. मग पाळी आली आणि अकराव्या दिवशीही थांबली नाही. पहिल्या दवाखान्यात पाळीच्या आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. चक्कर वाढली तेव्हा सासूबाई तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, टाळूवरचे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके पाहिले आणि रक्ततपासणीची चिठ्ठी दिली. तो नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला.

हिमोग्लोबिन ७.२, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट १४,०००. तिन्ही आकडे खाली. प्लेटलेट कमी दिसल्या की आपल्याकडे पहिलं नाव डेंग्यूचं निघतं, आणि पावसाळ्यानंतर ते पुष्कळदा खरंही असतं. पण तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम खाली गेल्या असतील तर काचेवर रक्ताचा थर पसरून तो डोळ्यांनी पाहायलाच हवा. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात, हा समज घरोघरी आहे, आणि दुर्दैवाने काही दवाखान्यांतही.

काचेवर पांढऱ्या पेशी मोजक्याच होत्या, पण त्यातल्या बऱ्याचशा अर्धवट वाढलेल्या होत्या, ज्या हाडातल्या मज्जेतच असायला हव्यात, रक्तात नव्हे. केंद्रक मधोमध दुमडलेलं, पेशीद्रव जांभळ्या कणांनी इतकं भरलेलं की काही ठिकाणी केंद्रकाची कडसुद्धा दिसेना. काही पेशींत सुईसारख्या लाल काड्यांचे जुडगेच्या जुडगे. या काड्यांना आउअर रॉड म्हणतात. एखादी काडी मज्जेतल्या याच घराण्याच्या पेशींच्या इतर (मायलॉइड) रक्तकर्करोगांतही दिसते; पण जुडगे दिसले की जवळजवळ एकच निदान समोर येतं: तीव्र प्रोमायलोसाइटिक रक्तकर्करोग, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव एपीएल. मी आधी डॉक्टरांना फोन केला, रिपोर्ट नंतर टाइप केला. त्याच नमुन्यावर गोठण्याच्या तपासण्या लावल्या. रक्त गोठवणारं प्रथिन फायब्रिनोजेन ९० मिलिग्रॅम, म्हणजे निरोगी माणसाच्या निम्म्याहून कमी, आणि गुठळ्या विरघळताना उरणारं डी-डायमर खूप चढलेलं.

फोनची घाई का केली ते सांगायला हवं. एपीएल आज सर्वांत चांगला बरा होणाऱ्या तीव्र रक्तकर्करोगांपैकी आहे, आणि तरीही पहिल्या काही दिवसांत तोच सर्वांत धोक्याचा आहे. रुग्ण दगावतो तो बहुतेकदा मेंदूतल्या रक्तस्रावाने, उपचार सुरू होण्याआधी किंवा सुरू होता होता. म्हणून संशय आला की औषध सुरू करायचं, जनुकीय तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहायची नाही, असा नियमच आहे. त्या संध्याकाळी तिला शहरातल्या एका रुग्णालयात दाखल केलं. प्लेटलेट आणि क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे गोठवणारे घटक असलेला रक्ताचा भाग, मागवलं, आणि रात्री पहिल्या कॅप्सूल तिच्या हातात पडल्या. अस्थिमज्जेचा नमुना बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेला.

त्या कॅप्सूलमध्ये पेशी मारणारं विष नव्हतं. होतं ते जीवनसत्त्व अ पासून बनणारं एक आम्ल, ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिड. हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं ते याच कारणाने. या आजारात पेशी मोठ्या होता होता अडकतात, आणि हे औषध त्यांना मोठं व्हायला लावतं.

वडिलांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी तिचे वडील प्रयोगशाळेत आले. अख्खं आयुष्य चादरीच्या मागावर काढलेले, आता गुडघ्यांमुळे घरी बसलेले. ते म्हणाले, "मॅडम, हे आमच्या रक्तातनं आलंय का? धाकटी पण आहे घरात. तिला पण होईल की काय?"

मी म्हटलं, "नाही मामा. हे आईबापाकडून आलेलं नाही. तिच्या हाडातल्या मगजात एका पेशीत हे घडलं, आणि त्या एका पेशीची पिलावळ वाढली. धाकटीला याची भीती नाही."

त्यांना बरं वाटलं, पण ते उठले नाहीत. "मग एकाच पोरीच्या अंगात, एकाच रक्तात, काही पेशी नीट आणि काही अशा कशा?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी त्याहून साधा दिसणारा प्रश्न सोडवावा लागतो. निरोगी शरीरातही एकाच गर्भपेशीतून त्वचा, मज्जातंतू, स्नायू, यकृत, रक्त अशा दोनशेहून जास्त प्रकारच्या पेशी होतात. जवळजवळ प्रत्येकीत तोच डीएनए असतो, ताणला तर सुमारे दोन मीटर लांबीचा, आणि त्यावर प्रथिनं घडवणारी सुमारे वीस हजार जनुकं. डोळ्यातल्या पेशीत इन्सुलिनचं जनुक आहे, स्वादुपिंडात डोळ्याच्या भिंगाच्या प्रथिनाचं आहे. पेशीला रूप येतं तेव्हा नको असलेली जनुकं ती टाकून देत असेल, असं एके काळी अनेक शास्त्रज्ञांना वाटायचं. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून धडधाकट बेडूकपिल्लं मिळवली. आतड्याची पेशी होऊनही तिने काही गमावलेलं नव्हतं. २००६ साली शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेखालच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूळपेशीसारखं करून दाखवलं. दोघांना २०१२चं नोबेल मिळालं. म्हणजे पेशीचं रूप ठरतं ते कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद, यावरून.

मामांना मी जेकार्डच्या मागाचं उदाहरण दिलं, कारण ते त्यांच्या हाताखालचं होतं. ताण्याचे सगळे दोरे मागावर कायम चढवलेले असतात. प्रत्येक फेकीला कुठले दोरे उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे हे कार्डावरची भोकं सांगतात, आणि त्यावर मोर उठतो की नुसती पट्टी, हे ठरतं. कार्ड बदललं की त्याच ताण्यातून दुसरी चादर. मामांनी मान हलवली आणि लगेच विचारलं, "मग कार्ड कोण लावतो?"

फार नेमका प्रश्न होता तो, आणि उदाहरण तिथेच अपुरं पडतं. मागावर कार्ड बाहेरून येतं. पेशीत कार्ड लावणारेही आतलेच: काही जनुकांपासून अशी प्रथिनं बनतात की ती परत डीएनएवर जाऊन बसतात आणि इतर जनुकं चालू-बंद करतात. या नियंत्रक प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. बाहेरून येतो तो फक्त इशारा, एखादं संप्रेरक, शेजारच्या पेशीने सोडलेला रेणू, किंवा इथे लागू पडतं ते, जीवनसत्त्व अ पासून बनलेलं आम्ल.

मज्जेतली वाट

अस्थिमज्जेत दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. न्यूट्रोफिल म्हणजे जंतू गिळणाऱ्या, काही तासांपासून काही दिवसांपर्यंतच जगणाऱ्या पांढऱ्या पेशी. मूळपेशीपासून न्यूट्रोफिलपर्यंतच्या वाटेवर पहिला मोठा फाटा येतो तिथे दोन नियंत्रक एकमेकांना दाबत असतात: गाटा-१ आणि पीयू-१. गाटा-१ वरचढ झालं तर पेशी तांबड्या पेशींच्या आणि प्लेटलेटच्या वाटेला लागते. पीयू-१ वरचढ झालं तर पांढऱ्या पेशींच्या. दोन्ही एकमेकांचं काम अडवतात आणि स्वतःचं जनुकही चालू ठेवतात. त्यामुळे एका बाजूला किंचित झुकलेली पेशी पुढे त्या बाजूलाच पक्की होत जाते. घेतलेला निर्णय पेशीच्या लक्षात कसा राहतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पुढची पायरी मायलोब्लास्ट, त्यापुढची प्रोमायलोसाइट. इथे सी/ईबीपी घराण्यातले नियंत्रक काम हातात घेतात. प्रोमायलोसाइटमध्ये मायलोपेरॉक्सिडेज, इलास्टेज अशा पहिल्या फळीच्या कणांची जनुकं जोरात चालू असतात, म्हणून ती पेशी जांभळ्या कणांनी गच्च दिसते. निरोगी पेशी इथे फार वेळ थांबत नाही. ती जनुकं बंद होतात, सी/ईबीपी-एप्सिलॉन नावाचा नियंत्रक चढतो, लॅक्टोफेरिनसारख्या दुसऱ्या फळीच्या कणांची जनुकं चालू होतात, विभाजन थांबतं, केंद्रक आकसून तीन-चार खंडांचं होतं, आणि न्यूट्रोफिल रक्तात उतरते. एका पायरीची जनुकं वेळेवर बंद होणं हे पुढच्या पायरीची जनुकं चालू होण्याइतकंच गरजेचं आहे. शाळा-कॉलेजात हा भाग शिकवताना चालू होण्यावरच सगळा भर असतो, बंद होण्याकडे फारसं कुणी पाहत नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण हा आजार बंद न होण्याचाच आहे.

या वाटेवर रेटिनोइक ॲसिडचा ग्राहक उभा असतो. त्याचं नाव आरएआर-अल्फा. तोही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच. तो जोडीदार प्रथिनासह पेशी प्रौढ करणाऱ्या जनुकांच्या शेजारी डीएनएवर बसून राहतो. आम्ल आलं नसेल तेव्हा तो दडपणाऱ्या प्रथिनांना बोलावून ठेवतो. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरचे ॲसिटाइल गट ही प्रथिनं काढून टाकतात. गुंडाळी आवळते आणि ते जनुक वाचलं जात नाही. आम्ल येऊन ग्राहकाला चिकटलं की त्याचा आकार बदलतो, दडपणारे सुटतात, उलट काम करणारे येतात, गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. सी/ईबीपी-एप्सिलॉनचं जनुक अशा जनुकांपैकीच एक.

पुण्याचा रिपोर्ट आला त्यात अपेक्षित तेच होतं. पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्राचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेले होते. सतराव्यावर आरएआर-अल्फाचं जनुक असतं, पंधराव्यावर पीएमएल नावाचं. जोड बरोबर या दोघांच्या मधून गेलेला असतो, त्यामुळे पेशीत एक जोडप्रथिन बनू लागतं, पीएमएल-आरएआर-अल्फा. ते डीएनएवर त्याच जागी जाऊन बसतं, पण एकटं नाही, अनेक एकत्र जमून. आणि दडपणाऱ्या प्रथिनांना इतकं घट्ट धरून ठेवतं की रक्तात नेहमी असणाऱ्या रेटिनोइक ॲसिडने ती सुटत नाहीत. पेशी प्रोमायलोसाइटच्या पायरीवर अडकते. तिथे अडकलेली असताना ती विभागत राहते, आणि मज्जेत दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही.

तिचा रक्तस्रावही याच पायरीशी बांधलेला होता. अडकलेल्या पेशी टिश्यू फॅक्टर बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांत जागोजागी गोठण सुरू होऊन गोठवणारे घटक संपतात. त्यांच्या पृष्ठभागावर ॲनेक्सिन-२ जास्त असतं, ते झालेली गोठणही विरघळवत राहतं. मशीनच्या कडेवर ढकललेले ते निळे डाग इथून आले होते.

औषध कुठून आलं

एपीएल हा वेगळा आजार आहे हे १९५७ साली नॉर्वेचे लाइफ हिलस्टाड यांनी तीन रुग्णांवरून सांगितलं. काही आठवड्यांत जीव घेणारा, असं त्यांचं वर्णन होतं. १९७७ साली शिकागोच्या जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणसूत्रांची ती अदलाबदल ओळखली. पुढे काचपात्रात या पेशींवर रेटिनोइक ॲसिड टाकलं की त्या प्रौढ होतात हे अमेरिकेत दिसलं. पण रुग्णाला ते देऊन बरं केलं शांघायच्या वांग झेन-यी यांनी. १९८५ साली पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्या उपचाराने सावरली, आणि १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव छापला. सगळ्यांचा आजार आटोक्यात आला होता. दुसरं औषध, आर्सेनिक ट्रायऑक्साइड, हेही चीनचंच, हार्बिनच्या झांग टिंगडोंग यांनी लोकवैद्यकातल्या एका नुस्ख्यापासून १९७०च्या दशकात काढलेलं. आर्सेनिकवर आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मोठं काम केलं आहे. एकट्या आर्सेनिकवरही पुष्कळ रुग्ण बरे होतात हे त्यांनी दाखवलं.

चिनी औषध म्हटल्यावर तिच्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटली. मी त्यांना भैय्या चौकाजवळच्या कोटणीसांच्या स्मारकाची आठवण दिली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथेच, सोलापुरात जन्मले. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. आपल्या गावाचा मुलगा ज्या देशातल्या आजाऱ्यांसाठी झिजला, त्या देशाच्या डॉक्टरांनी शोधलेलं औषध आज आपल्या गावच्या मुलीला लागू पडतं आहे, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता: "अ जीवनसत्त्वच असंल तर गाजर, पपई देऊ का रोज?" द्या, पण औषध म्हणून नको. शरीरात नेहमी असणाऱ्या आम्लाच्या सुमारे हजारपट प्रमाण लागतं तेव्हा जोडप्रथिन दडपणाऱ्यांना सोडतं. खाण्यातून तिथवर कुणी पोचत नाही, आणि जीवनसत्त्व अ च्या गोळ्या मनाने घेतल्या तर यकृताला इजा होते. तिचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाला ४५ मिलिग्रॅम या हिशेबाने, दोन वेळांत वाटून. ओठ फुटले, डोकं दुखायचं. तेही याच औषधाचं. सोबत आर्सेनिक, वजनाच्या दर किलोला ०.१५ मिलिग्रॅम, दोन तासांच्या सलाइनमधून. हृदयाची लय बिघडू नये म्हणून ईसीजी वरचेवर, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमवर सतत नजर.

बाराव्या दिवसाची काच

सातव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी वाढू लागल्या. २,१०० वरून ९,०००, मग २६,०००. घरच्यांना वाटलं आजार पुन्हा उसळला. नवव्या दिवशी ताप आला, धाप लागली, दोन दिवसांत वजन चार किलोने वाढलं, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत ढगाळ छाया. हा जंतुसंसर्गही असू शकत होता, म्हणून प्रतिजैविकं सुरू झाली. पण वाट न पाहता डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दर बारा तासांनी आणि पेशी आवरायला हायड्रॉक्सियुरिया दिलं गेलं. याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. अडकलेल्या हजारो लाखो पेशी एकदम मोठ्या होऊ लागतात, आणि प्रौढ पेशीला येणारी नवी क्षमता, ऊतींत शिरण्याची, रसायनं सोडण्याची, एकाच वेळी सगळ्यांच्यात जागी होते. पेशींची संख्या वाढते ती त्यांच्या मोठं होण्यातून. घरच्यांना हे समजावणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण आकडा तर भीती वाटावी असाच होता. तीन दिवसांत श्वास सुधारला.

बाराव्या दिवशीची काच मी जपून ठेवली आहे. पहिल्या दिवशीच्या गच्च जांभळ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या. त्यांच्या जागी मधल्या सगळ्या पायऱ्यांच्या पेशी, आणि तीन-चार खंडांचं केंद्रक असलेल्या अगदी नेटक्या न्यूट्रोफिल. यातल्या काही न्यूट्रोफिलमध्ये आउअर रॉड होता. निरोगी न्यूट्रोफिलमध्ये तो कधीच नसतो. म्हणजे या पेशी कर्करोगाच्याच वंशातल्या होत्या. मरून त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या नव्हत्या; त्याच पुढे सरकल्या होत्या.

याचा आणखी एक पुरावा मिळू शकत होता, आणि तो मला पाहायचाच होता. घरच्यांची संमती घेऊन मी त्या दिवशीच्या रक्ताचा थर फिश तपासणीला पाठवला. उपचारासाठी ती तपासणी लागणार नव्हती, म्हणून तिचा खर्च कुटुंबावर टाकला नाही. या तपासणीत पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांवरच्या त्या दोन जागांना वेगवेगळ्या रंगांचे चमकणारे ठिपके लावतात. जोड असेल तर रंग एकमेकांवर येतात. खंडित केंद्रकाच्या, पूर्ण वाढलेल्या न्यूट्रोफिलमध्येही जोड तसाच होता. गुणसूत्र तुटलेलंच, जनुकं चुकीची जोडलेलीच, डीएनएतलं एक अक्षरही सुधारलेलं नाही, आणि तरी पेशी न्यूट्रोफिल झाली होती. जनुकांचा संच तोच राहून, फक्त त्यांचं वाचन बदलल्याने पेशीची ओळख बदलते, हे मी वर्षानुवर्षं वाचत आणि शिकवत आले. आमच्याच गावातल्या एका मुलीच्या रक्तात ते समोर दिसलं, तेव्हा मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठले नाही.

मग एवढ्यावर आजार बरा का मानत नाहीत? पूर्ण वाढलेली न्यूट्रोफिल थोड्याच दिवसांत मरते, हे चांगलंच; पण मागे, मूळपेशीसारख्या थोड्या पेशी उरतात आणि त्यांच्यातलं जोडप्रथिन पुन्हा काम सुरू करतं. नुसतं रेटिनोइक ॲसिड घेतलेल्या सुरुवातीच्या काळातल्या रुग्णांचा आजार काही महिन्यांत उलटत असे. आर्सेनिकचं मोल इथे कळतं. ते जोडप्रथिनाच्या पीएमएलकडच्या बाजूला चिकटतं, त्यावर सुमो नावाची लहान प्रथिनं लागतात, मग युबिक्विटिन, आणि पेशीतली नको असलेली प्रथिनं मोडणारी यंत्रणा ते जोडप्रथिनच नष्ट करते. रेटिनोइक ॲसिडही दुसऱ्या बाजूने त्याच्या नाशाला हातभार लावतं. २०१३ साली इटली आणि जर्मनीतल्या चाचणीचे निष्कर्ष आले: पांढऱ्या पेशी १०,०००च्या आत असलेल्या रुग्णांत या दोन औषधांवर दोन वर्षांनी ९७ टक्के जण कुठल्याही विघ्नाशिवाय होते, रेटिनोइक ॲसिड आणि केमोथेरपी घेतलेल्यांत ८६ टक्के. आमच्या रुग्णाचा पहिला आकडा २,१०० होता, म्हणून ती याच गटात बसली. तिचे केस गेले नाहीत. तिच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती, आणि ती तिने सगळ्या नर्सना दाखवली.

मूल कधी

दाखल करताना पहिल्याच तासात गर्भधारणेची तपासणी केली होती. ती नकारात्मक आली. ती औपचारिकता नव्हती. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत रेटिनोइक ॲसिड हाच पेशींना जागा आणि रूप सांगणारा एक मुख्य इशारा असतो. डोक्याकडून शेपटीकडे जाताना कुठली हॉक्स जनुकं कुठे चालू व्हायची, कुठे मेंदूचा मागचा भाग, कुठे पाठीचा कणा, हे त्याच्या कमी-जास्त प्रमाणावर बरंचसं ठरतं. जे आम्ल तिच्या अडकलेल्या पेशींना वाट दाखवत होतं, तेच गर्भात नको तिथे, नको तेवढं पोचलं तर कवटी, कान, हृदय यांची घडण बिघडते. आर्सेनिकही गर्भाला घातक. म्हणून उपचारभर आणि औषधं संपल्यावर किमान सहा महिने गर्भनिरोधन, हे नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून सांगितलं. सासूबाईही दाराशी होत्या. त्यांनी सुनेकडे पाहत एवढंच म्हटलं, "आधी तू उभी राहा बाई."

पहिल्या टप्प्याच्या शेवटी, पाचव्या आठवड्यात, मज्जा तपासली. ती आधी तपासू नये, कारण अर्धवट वाढलेल्या पेशी मज्जेत उशिरापर्यंत दिसतात आणि उपचार फसला असा गैरसमज होतो. चौदाव्या दिवशी पाहण्याची सवय इतर रक्तकर्करोगांतून आलेली आहे, ती इथे सोडून द्यावी. मज्जा स्वच्छ होती. पुढचे सात-आठ महिने आर्सेनिक आठवड्यातले पाच दिवस, चार आठवडे घ्यायचं आणि चार आठवडे थांबायचं, असे चार फेरे. कॅप्सूल दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद. एप्रिल-मेच्या उन्हात ती वडिलांबरोबर रिक्षाने यायची, सलाइन लावून झोपायची आणि दुपारी परत जायची.

शेवटच्या फेऱ्यानंतर जोडप्रथिनाचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआर तपासणी झाली. हजारो पेशींत एखादी उरली असेल तरी ती सापडते. काही सापडलं नाही.

रिपोर्ट न्यायला मामाच आले. आता काय करायचं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ठरलेल्या तारखांना तपासणी, कुठलाही निळा डाग दिसला तर त्याच दिवशी फोन, आणि दुकानातून कुठलीही शक्तिवर्धक गोळी मनाने नाही. त्यांनी ते कागदाच्या मागे तेलुगूत लिहून घेतलं. सुनेने कारखान्यात कधी जावं असं सासूबाई विचारत होत्या, म्हणाले. मी म्हटलं, या महिन्याची रक्ततपासणी बघू, आणि मग तिलाच विचारू.